पूर्ण वाक्यात

सुनेत्राबाईंच्या वर्गाचे नियम दोनच. चपला दाराबाहेर, आणि इंग्रजी चपलांच्या शेजारी. एकदा आत आलं की मराठी बोलायचं आणि तेही पूर्ण वाक्यात. ‘फाइन’ चालत नसे. नुसतं ‘हो’सुद्धा चालत नसे. ‘हो आजी, मी नाश्ता करून आले आहे,’ असं कुणी म्हटलं की बाई स्टीलचा डबा उघडून एक खजूर त्या मुलाच्या तळहातावर ठेवत.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून बाई निवृत्त झाल्या. यजमान गेले तसं मुलानं, अंकुरनं त्यांना शारजाला आणलं. अल मजाजमधला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली खालिद लगूनचं पाणी, मुलगा-सून दिवसभर दुबईत. शिकवल्याशिवाय बाईंना अन्न गोड लागत नसे. इथल्या शाळांना शुक्रवारी सुट्टी असते म्हणून त्यांनी शुक्रवार सकाळ धरली आणि आसपासच्या टॉवरमधली सहा मुलं गोळा केली.

तासाची शेवटची पंधरा मिनिटं फोनची. प्रत्येकानं गावाकडच्या एका मोठ्या माणसाला फोन करायचा आणि मराठीत बोलायचं. काय बोलायचं ते बाई आधी पांढऱ्या बोर्डवर लिहून देत. वाढदिवस असेल तर ही वाक्यं, आजारी असेल तर ती. मुलं बघून वाचत, पलीकडची माणसं गहिवरत आणि त्यांचे फोन मग बाईंना येत, “आमचं पोरगं किती छान बोलायला लागलं हो!”

नबिलाला बोर्डाची गरज नव्हती. ती रत्नागिरीकडची, वडील गनीभाई मासळीच्या व्यापारात. ती फोनवर दादीशी चक्क भांडत असे. “नाय येनार मी सुट्टीत, काय करू तिकडं येऊन? तुझ्या कोंबड्यांमागं धावू? नाय म्हंजे नाय. खलास!” पलीकडून दादी शिव्या घालून हसत असे.

शुभ्राचं तसं नव्हतं. पंधरा वर्षांची, सडपातळ, बोलण्याआधी खालचा ओठ दातांत धरणारी. वडील सदानंद रुवैसच्या रिफायनरीत, सुट्टीला चार तास गाडी चालवून घरी येणार. आई वैभवी एका लॅबमध्ये. मोठा भाऊ वेदांग बारावीत. घरात दोघंही मुलं इंग्रजीतच उत्तरं देणारी. शुभ्राकडे जेवढं मराठी होतं तेवढं सगळं बाईंनी चार वर्षांत दिलेलं. शुद्ध, सभ्य, मऊ. तिला मराठीत आभार मानता येत, चौकशी करता येई, आशीर्वाद मागता येत. बाईंना तिचा फार अभिमान होता.

तिचा फोन सांगलीला जाई, अक्कांना. अक्का म्हणजे सदानंदची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनं सदानंदला वाढवलं, शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. सप्टेंबरात अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. त्या शुक्रवारी बाईंनी बोर्डवर शुभ्रासाठी तीन वाक्यं लिहिली: तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना. मला तुमची सेवा करायला आवडेल.

शुभ्रानं ती न अडखळता म्हटली. पलीकडे अक्का रडल्या. बाईंनी त्या दिवशी शुभ्राच्या हातावर दोन खजूर ठेवले.

ऑक्टोबरात शुभ्राच्या शाळेत कथास्पर्धा लागली. जुन्या काळातल्या एखाद्या बाईवर इंग्रजीत गोष्ट लिहायची होती. “आजी, मला इटलीतली गोष्ट लिहायची आहे. रेनेसान्समधली,” शुभ्रा म्हणाली. बाईंची कळी खुलली. त्यांनी फोनची पंधरा मिनिटं रद्द केली आणि सगळ्यांना भोवती बसवलं.

“पाचशे वर्षांपूर्वी,” बाईंनी सुरुवात केली, “फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी शहरं वैभवात होती. आज जी चित्रं बघायला जग जातं ती तेव्हा ओली होती. पण त्याच शहरांत बापाला दोन मुली असल्या तर पंचाईत. एकीच्या हुंड्यातच घर रिकामं व्हायचं. मग दुसरीला मठात द्यायचे. ननांच्या. मठही हुंडा घ्यायचा, पण थोडका.”

“म्हणजे सेलमधलं लग्न,” नबिला म्हणाली. सगळी हसली. बाईही हसल्या.

मग त्यांनी मठ उभा केला. उंच भिंती. रस्त्याकडच्या खिडक्या पुढे-पुढे विटांनी बुजवलेल्या. भेटायला आलेली आई जाळीच्या पलीकडे. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट, बाहेरच्यानं त्यात वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचं, आतलीनं काढून घ्यायची. एकमेकींचा चेहरा दिसायचा नाही. दिवस घंटेवर चालायचा. घंटा झाली उठा, घंटा झाली प्रार्थना, घंटा झाली जेवा. आत बायका जरीकाम करत, मिठाया बनवत, नाटकंसुद्धा बसवत. पुष्कळ जणींचे दिवस बरे जात, हेही बाईंनी सांगितलं, कारण इतिहास एकांगी सांगू नये असं त्यांचं मत होतं. आणि काही जणी पन्नास वर्षं त्याच अंगणातून आकाश बघत.

“विदाउट आस्किंग देम?” शुभ्रानं विचारलं.

“मराठीत.”

“त्यांना न विचारता?”

“विचारायचे की. चर्चनं पुढे तसा नियमच केला. व्रत घेण्याआधी बिशपचा माणूस यायचा आणि मुलीला विचारायचा. तुला कुणी जबरदस्ती केली का? कुणी धाक घातला का? तुझी स्वतःची इच्छा आहे का?”

“मग ‘नाय’ म्हनायचं ना!” नबिला म्हणाली.

“बहुतेक जणी ‘हो, माझी इच्छा आहे’ असंच म्हणायच्या.”

“का?” शुभ्रा.

“अगं, नवव्या-दहाव्या वर्षी शिकायला म्हणून आणून ठेवलेल्या असायच्या. त्यांना अक्षरं शिकवणारी नन असायची. काय उत्तर द्यायचं तेही तीच शिकवणार, नाही का? मग व्रताच्या दिवशी, काही मठांत, मुलीला जमिनीवर निजवायचे आणि वर काळं कापड पसरायचे. मेलेल्या माणसावर पसरतात तसं. उठली की नवं नाव.”

शुभ्रा वहीत भराभर लिहीत होती. तिनं मान वर केली. “ती शिकवणारी... ती वाईट होती?”

बाईंनी जरा विचार केला. “वाईट कशाला असेल? मुलांची आवड असलेलीच असेल बहुधा.”

मार्चमध्ये शुभ्राची दहावीची परीक्षा संपली. त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी सदानंद आणि वैभवी बाईंकडे आले. वैभवीनं चहाला हात लावला नाही.

“अक्काकडे आत्तापर्यंत तीन बायका ठेवल्या, बाई,” सदानंद म्हणाला. “तिघीही पळाल्या. अक्का परक्या बाईला अंगाला हात लावू देत नाही. डायपर बदलायला कुणी गेलं की चावते, खरं सांगतो. इकडे आणावं तर बहिणीचा व्हिसा मिळत नाही. वैभवीनं जॉब सोडला तर वेदांगच्या इंजिनिअरिंगचं कसं मॅनेज करायचं? सगळे ऑप्शन बघून झाले.” तो थांबला. “अक्काच म्हणाली, शुभ्राला पाठव. म्हणाली, पोरगी स्वतः फोनवर म्हणाली होती, मला तुमची सेवा करायला आवडेल.”

ते वाक्य बोर्डवर बाईंनीच लिहून दिलं होतं. पण त्या वाक्याला त्यांनी त्या वेळी हात लावला नाही.

“आणि तिचं शिक्षण?”

“बारावी बाहेरून करेल. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी अभ्यास, डायरेक्ट परीक्षा. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.”

“अक्कांचं वय काय?”

“एकसष्ट,” वैभवी म्हणाली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती. “डॉक्टर म्हणतात, हार्ट एकदम स्ट्राँग आहे.”

सदानंदनं चहाचा कप खाली ठेवला.

“मी जबरदस्ती करणारा बाप नाही,” सदानंद म्हणाला. “तिला विचारलं. ती ‘ओके’ म्हणते. पण ही म्हणते ‘ओके’ काही खरं नाही.”

“बाई, तुम्ही विचारा तिला,” वैभवी पुढे सरकली. “आमच्यासमोर ती बोलणार नाही. तुमच्याशी बोलेल. ती जर नाही म्हणाली ना, तर मी पाठवणार नाही. मग काय व्हायचं ते होऊ दे घरात. आणि ती हो म्हणाली, तर... तर मग मी काही म्हणणार नाही.”

सदानंदनं मान हलवली. “कबूल.”

“मी तिला एकटीला विचारीन,” बाई म्हणाल्या. “तुमच्यापैकी कुणी नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शुभ्राला खाली लगूनच्या कडेला घेऊन गेल्या. ऊन अजून सोसण्यासारखं होतं. एक अब्रा, इथली लाकडी होडी, रिकामीच पाण्यातून चालली होती. बाकावर बसल्यावर बाईंनी शुभ्राचा हात हातात घेतला. सगळं नीट करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. घाई करायची नाही. मत द्यायचं नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

“शुभ्रा, सांगलीला जायचं म्हणून तुला कुणी जबरदस्ती केली का? कुणी काही बोललं का? का तुझी स्वतःची इच्छा आहे? खरं असेल ते सांग. तू सांगशील तसंच होईल, हा माझा शब्द.”

शुभ्रा पाण्याकडे बघत राहिली. ओठ दातांत. मग एकदम, श्वास अडकावा तशी ती बोलायला लागली. “आजी, आय डोन्ट... इट्स लाइक, इफ आय से नो, देन पपा विल—”

“मराठीत, बाळा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ते ठरवून म्हटलं नाही. शिंक यावी तसं ते आलं. आणि मागोमाग, अगदी मायेनं: “पूर्ण वाक्यात. सावकाश सांग. मी थांबते.”

आणि त्या थांबल्या. चौतीस वर्षं त्या अशाच थांबत आल्या होत्या. उत्तर न येणाऱ्या मुलीवर त्या कधी खेकसल्या नाहीत, त्यांनी कधी दुसरीला विचारलं नाही. हसऱ्या चेहऱ्यानं त्या वाट बघत.

शुभ्राचं तोंड उघडं होतं ते मिटलं. डोळ्यांत काहीतरी शोधल्यासारखं झालं, सापडलं नाही, आणि मग शोधणंच थांबलं. ती बोलली तेव्हा आवाज शुक्रवारचा होता.

“मला कोणीही जबरदस्ती केलेली नाही. मला अक्कांची सेवा करायला आवडेल. तुम्ही काळजी करू नका.”

एक क्षण, फक्त एक क्षण, बाईंना वाटलं, किती स्वच्छ बोलते ही! त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि सवयीनं एक खजूर तिच्या हातावर ठेवला. शुभ्रानं मूठ मिटली. खाल्ला नाही.

वैभवीनं दारातच विचारलं, “खरंच म्हणाली?”

“पूर्ण वाक्यात म्हणाली,” बाई म्हणाल्या.

वैभवी सोफ्यावर बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली. मग उठून तिनं कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.

तिकीट दहा एप्रिलचं निघालं. शाळेतून दाखला काढला. सांगलीत अक्कांनी मधल्या काळात ठेवलेल्या चौथ्या बाईला रजा दिली आणि स्वतःच्या पलंगाशेजारी दुसरी खाट घालून घेतली. शुभ्रा वर्गाला यायची बंद झाली.

सात तारखेला नबिला आली, तीही शुक्रवार नसताना. चपला तिनं काढल्याच नाहीत. एक वही पुढे धरली.

“शुभ्रानं दिलीय. फ्लाईट गेल्यावर बाईंना दे म्हनाली. मी म्हटलं, यल्ला, चल, फ्लाईट गेल्यावर वाचून काय लोणचं घालायचंय? म्हणून आत्ता आनली. मी वाचलीय, बाई. तुम्ही पन वाचा.” आणि दार न ओढताच ती गेली.

स्पर्धेची गोष्ट होती ती. शाळेत कधी दिलीच नव्हती. बाईंचं इंग्रजी मराठी शाळेतलं, सावकाश चालणारं. त्या खिडकीशी बसून एकेक ओळ वाचू लागल्या.

बियांका नावाची मुलगी. दहाव्या वर्षी मठात आलेली. मोठ्या बहिणीचं लग्न थाटात झालं म्हणून. तिला शिकवायला सिस्टर ओर्सोला. रुंद हातांची, कधीच न रागावणारी. मठात घरची भाषा बोलायची नाही, लॅटिन बोलायची, असा ओर्सोलाचा नियम. उत्तर बरोबर आलं की ती बियांकाच्या हातावर साखरेत घोळलेला एक बदाम ठेवायची. बियांका हुशार. तिला लॅटिनमध्ये प्रार्थना येत होत्या, आभार मानता येत होते, होकार देता येत होता. रागावता येत नव्हतं. ते ओर्सोलानं फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

इथून पुढची शाई वेगळी, ताजी होती. मग बिशपचा माणूस आला. खुर्चीत बसला. तीन प्रश्न विचारले. जाळीमागे ओर्सोला उभी. बियांका आईच्या भाषेत बोलू लागली. शब्द एकदम आले, उलटेसुलटे, सगळे खरे. आणि जाळीमागून मऊ आवाज आला: लॅटिनमध्ये, बाळा. पूर्ण वाक्यात. सावकाश सांग. मी थांबते.

शेवटच्या पानावर बियांका काळ्या कापडाखाली निजली होती. कापडाला मेणाचा वास, आधी त्याखाली निजून गेलेल्या मुलींच्या श्वासांचा वास. बाहेर सगळ्या गात होत्या. त्यात ओर्सोलाचा आवाज तिला ओळखू येत होता. सिस्टर ओर्सोला वाईट बाई नव्हती, असं शेवटचं वाक्य होतं. त्याच्या खाली कागदाला खजुराचा चिकट डाग होता.

बाई घरातल्याच सपाता पायात घालून निघाल्या. शेजारच्या टॉवरची लिफ्ट वर जाईपर्यंत त्यांनी बटण तीनदा दाबलं.

सदानंद रजा घेऊन आला होता, बॅगांचं वजन करत होता.

“मी चुकीचं विचारलं,” बाई दारातूनच म्हणाल्या. “तिला पाठवू नका.”

“चुकीचं म्हणजे? तुमच्यासमोर म्हणाली ना ती?”

“तिला सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही. हे वाचा.”

त्यानं अर्धं पान वाचलं. “बाई, ही इटलीची स्टोरी आहे. स्कूल प्रोजेक्ट.”

वैभवीनं वही त्याच्या हातातून घेतली आणि उभ्या-उभ्या शेवटपर्यंत वाचली. वाचता-वाचता तिचा हात तोंडावर गेला. “शुभ्रा!” तिनं हाक मारली. “शुभ्रा, बाहेर ये!”

शुभ्रा आली. वही बघितली. दारातच थांबली.

“बोल बेटा,” वैभवी म्हणाली. “इंग्लिशमध्ये बोल. कशातही बोल.”

सदानंद मटकन बॅगेवरच बसला. “अक्कानं माझ्यासाठी लग्न केलं नाही,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मी सहा वर्षांचा होतो. कुणी तिला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या इच्छेनं केलं तिनं. आणि आता ती स्वतःच्या घाणीत पडलीये, बाई. मी काय करू ते सांगा. कुणीतरी सांगा मला.” तो रडत होता. रुवैसच्या उन्हानं काळवंडलेला हा माणूस असा रडताना त्याच्या मुलीनं कधी पाहिला नव्हता.

“अक्कांना तरी कुणी विचारलं होतं का?” बाई म्हणाल्या.

शुभ्रा वडिलांकडे बघत होती. मग तिनं आईच्या हातातून वही हलकेच काढून घेतली आणि बाईंकडे वळली.

“ती फक्त एक गोष्ट आहे, आजी. मी माझ्या इच्छेने जात आहे.”

“शुभ्रा, बाळा, प्लीज. टेल मी इन इंग्लिश,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या एखाद्या मुलीशी इंग्रजीत बोलत होत्या.

“मी माझ्या इच्छेने जात आहे,” शुभ्रा म्हणाली. तोच सूर, तीच शब्दांची रांग. वैभवीनं डोळे मिटून घेतले.

दहा तारखेला ती गेली.

बाईंनी वर्ग बंद केला नाही. मुलं येत होती, त्यांना नाही कसं म्हणायचं? पण चपलांशेजारी इंग्रजी ठेवायला त्या आता सांगत नव्हत्या. बोर्ड कोरा असे. मुलं गोंधळली, मग सुखावली, मग सरसकट इंग्रजीत बोलू लागली. “बाई, तुमचं काय खरं नाय आता,” नबिला म्हणे. बाई मान हलवत.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी तास संपता-संपता बाईंचा फोन वाजला. सांगलीचा नंबर होता. नबिलानं झडप घातली. “शुभ्रा! अगं भवाने, मेसेजला रिप्लाय का नाय देत?” पलीकडे काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं. नबिलाचं हसू मावळलं. तिनं फोन बाईंकडे दिला.

“नमस्कार आजी. तुमची तब्येत कशी आहे?”

“मी बरी आहे गं. तू कशी आहेस? अभ्यास चालू आहे का?”

“मी बरी आहे. सकाळी वेळ मिळाला नाही, म्हणून आत्ता फोन केला. इथे पाऊस सुरू झाला आहे. अक्काही बऱ्या आहेत.”

बाई फोन घेऊन गॅलरीत गेल्या, काचेचं दार लावून घेतलं. खाली लगूनचं पाणी उन्हात पांढरं झालं होतं. “शुभ्रा, ऐक. इथं कुणी नाही. तू काहीही बोल. इंग्लिशमध्ये बोल. अर्धं बोल, चुकीचं बोल, शिव्या दे मला. मी मध्ये बोलणार नाही. मी थांबते.”

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि बाईंनी जीभ चावली.

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. एकदा तो श्वास अडखळला, आता काहीतरी येणार असं वाटलं, आणि बाईंनी फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला.

मग पलीकडच्या खोलीतून घंटा वाजली. देवघरातली असते तसली, लहान, पितळी. थांबली, परत वाजली, या वेळी जोरात.

“अक्का बोलावत आहेत,” शुभ्रा म्हणाली. “मला आता जायला हवं. तुम्ही काळजी करू नका, आजी.”

फोन बंद झाला नाही. तिनं तो तसाच कुठंतरी ठेवला असावा. अनवाणी पावलं दूर गेली. घंटा थांबली. बाई गॅलरीत उभ्या राहून ऐकत होत्या. पलंग करकरला, पाण्याचा आवाज झाला, अक्कांचं काहीतरी अस्पष्ट, रागावलेलं बोलणं, आणि त्यावर शुभ्राचा आवाज, स्वच्छ, सभ्य, मऊ.

“हो अक्का. मी आहे ना.”